अक्कांनी गेरू लावला नाही

आधी अक्कांचं सांगतो, मग माझं. केजला बसस्टँडच्या अलीकडच्या कोपऱ्यावर हातगाडी लावून सीताफळं, पेरू, बोरं, ज्या हंगामाचं जे असेल ते विकतात, त्या अक्का. त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये एक सामाईक भिंत आहे. आज मी हे लिहितो आहे आणि लिहिलेलं स्वतः वाचतो आहे, ते त्यांच्यामुळे. डॉक्टर होते, औषधं होती, बायको होती, सगळ्यांचे उपकार आहेतच. पण पहिला मान अक्कांचा. लिहिणार आहे म्हणून त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "लिवा, पर माजं नाव घालू नका. गिऱ्हाईक इचारत बसंल." म्हणून नुसतं अक्का.

मी इथला नाही. कोकणात, समुद्राकाठच्या गावात जन्मलो. सहावीत शाळा सुटली आणि मामाबरोबर पुण्याला एका छापखान्यात लागलो. तिथं खिळे जुळवायला शिकलो. शिशाच्या खिळ्यावर अक्षर उलटं असतं. आधी उलटी अक्षरं वाचता यायला लागली, मग सुलटी जास्त चांगली यायला लागली. माझं पुढचं शिक्षण झालं ते एवढंच. मालकांच्या भावानं केजला छापखाना काढला तेव्हा मला सहा महिन्यांसाठी म्हणून पाठवलं. त्या सहा महिन्यांना आता चाळीसच्या वर वर्षं झाली. खिळे गेले, छापखानाही गेला. शेवटची वर्षं एका साखर कारखान्याच्या छपाई खात्यात काढली, म्हणून पीएफची पेन्शन तरी लागली. महिन्याला गॅस, वीजबिल आणि बायकोच्या बीपीच्या गोळ्या एवढं त्यात भागतं. मुलगी एकच, तिकडे कोकणातच दिली आहे. म्हातारपणी आपणही तिकडे जाऊ असं आम्ही दोघं म्हणत असू. म्हणता म्हणता म्हातारपण इथंच आलं.

माझा स्वभाव काळजीचा. सगळं आयुष्य प्रुफं तपासण्यात गेलेल्या माणसाला जिकडे तिकडे चूकच दिसते, असं बायको म्हणते.

दोन वर्षांमागे, पोळ्याच्या आधी, माझं कपाळ डाव्या बाजूनं दुखायला लागलं. डोकेदुखी नव्हती ती. केस विंचरायला कंगवा लावला तरी विस्तवाचा चटका बसल्यासारखं व्हायचं. दोन दिवस मी चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणत काढले. तिसऱ्या दिवशी भुवईच्या वर लाल चकंदळ आणि त्यात बारीक बारीक पाण्याचे फोड आले. बायकोनं उजेडात नेऊन पाहिलं आणि म्हणाली, "अहो, ही नागीण आहे."

नागीण म्हटल्यावर आमच्या गल्लीत डॉक्टर आठवत नाही, अक्का आठवतात. नांदूरघाटला त्यांचं सासर. तिथं त्यांच्या सासूबाई नागिणीवर गेरू लावायच्या. सासूबाई गेल्या तेव्हा सहाण अक्कांकडे आली. सहाणेवर गेरू उगाळायचा आणि अनामिकेनं फोडांच्या दोन्ही टोकांना रेघ ओढायची. नागिणीचं तोंड आणि शेपटी एकमेकांना भेटली तर माणूस जातो, अशी समजूत. म्हणून रेघ ओढून तिची वाट अडवायची. रविवार आणि मंगळवार हे वार. पैसे घेत नाहीत. माणूस बरा झाला की नारळ आणतो, तो मारुतीला जातो. लांबलांबच्या गावांहून माणसं जीपनं येतात. माझ्याकडे खिळे होते त्या काळात त्यांच्यासाठी एक लहान पत्रक मीच जुळवून फुकट छापून दिलं होतं. आपण जुळवलेलं छापून आलं की ते खरंच वाटायला लागतं. माझी त्या उपचारावरची श्रद्धा थोडी तशीही होती.

नेमका मंगळवार होता. मी जाऊन त्यांच्या ओट्यावर बसलो. अक्का पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, सहाण मांडली, गेरू उगाळला. उगाळता उगाळता त्यांचं बोलणं चालूच होतं. "लई आग होती का? व्हनारच. आट दिस तिखट-मीठ बंद. वांगं तर दारात आणू नका." मग बोट गेरूत बुडवून त्यांनी माझी हनुवटी धरली आणि तोंड उन्हाकडे फिरवलं.

त्यांचं बोट तसंच वर राहिलं.

"भाऊ, नाकावर हे कधी आलं?"

मी नाकाला हात लावला. शेंड्यावर एक फोड होता, मोहरीएवढा. "सकाळीच दिसला. मुरमाचा असेल."

"मुरमाचा न्हाई." त्यांनी तांब्यातलं पाणी ओतून बोटं धुतली, पदराला पुसली. "उठा. बीडला जायचंय. डोळ्याच्या डाक्टरकडं."

"अहो अक्का, डोळ्याला काही नाही. थोडा लाल आहे एवढंच. तुम्ही रेघ ओढा, मग बघू दोन दिवसांत."

"दोन दिवस बगायचं न्हाई. नाकाच्या शेंड्यावर फोड आला की डोळा जातो. म्या दोन बारी पाह्यलंय. एका म्हातारीला माज्या सासूनं रेघ वढलेली, अन् एकाला म्या. दोगांचे बी डोळे गेले. तवापासून नाकावर असंल तर मी हात लावत न्हाई. उठा आता, का पायबीय धरू?"

माझ्या बायकोनं चप्पल घातली तेवढ्यात अक्कांनी स्टँडवर न्यायला दारात भरून ठेवलेल्या गाड्यावर गोणपाट टाकून दोरी आवळली होती. भरल्या गाड्याचा धंदा सोडून त्या आमच्याबरोबर जीपमध्ये बसल्या. रस्ताभर मी तोंडाला उपरणं लावून होतो आणि त्या जीपवाल्याला "जरा खड्डे चुकव की बे, मानूस दुखण्याचा हाय" असं म्हणत होत्या. एरवी 'बे' हा शब्द मी बायकांच्या तोंडी ऐकला नव्हता. जीपवालाही वळून बघायला लागला.

बीडचे डोळ्यांचे डॉक्टर तरुण होते. यंत्रावर हनुवटी ठेवून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "बुबुळाला लागण सुरू झाली आहे. आज आलात ते फार बरं झालं. तुम्हाला कुणी पाठवलं?"

मी अक्कांकडे बोट केलं. अक्का दाराशी चपला काढून उभ्या होत्या.

"तुम्हाला कसं कळलं, आजी?"

"नाकावर फोड हाय न्हवं."

डॉक्टरांनी यंत्राचा दिवा बंद केला. "बरोबर आहे. नाकाच्या शेंड्याची आणि डोळ्याची नस एकच असते. आमच्या पुस्तकात आहे हे."

"माज्या पुस्तकात बी हाय," अक्का म्हणाल्या. त्यांना सहीसुद्धा येत नाही.

दिवसातून पाच वेळा गोळ्या, डोळ्यात थेंब आणि मलम, असं बरेच दिवस चाललं. डोळा राहिला. डाव्या डोळ्यानं आज मला माणूस दिसतो, पण त्याचं तोंड दिसत नाही. तेलकट कागदातून पाहिल्यासारखं दिसतं. अक्षर तर नाहीच. आणखी दोन दिवस घालवले असते तर एवढंही राहिलं नसतं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी समाधान मानलं. छापखान्यातली कितीतरी कामं एका डोळ्याची असतात.

फोड गेले, पण आग गेली नाही. फोड बसल्यावर सहा-सात महिने कपाळाला टोपीचा स्पर्श सहन होत नव्हता. पंख्याचा वारा लागला तरी मी खुर्ची हलवायचो. त्यापेक्षा मोठी आग मनात लागली होती, ती उजव्या डोळ्याची. डॉक्टरांना मी विचारलं, "पुन्हा येईल का?" इथं सगळे सांगत होते की एकदा नागीण उतरली की पुन्हा येत नाही. डॉक्टर म्हणाले, "सहसा येत नाही, पण येऊ शकते. लहानपणी कांजिण्या झालेल्या ना? त्याच विषाणूचं हे. तो नसेत झोपून राहतो. वय वाढलं, ताकद कमी झाली की उठतो. कुठल्या नसेतून उठेल ते सांगता येत नाही."

"म्हणजे उजव्या बाजूलाही?"

"कुठेही. पण त्यावर लस आहे. दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं. शंभर टक्के खात्री कुणी देणार नाही, पण तुमच्या वयाला चांगलं संरक्षण मिळतं. हे पूर्ण बसू द्या, मग घ्या. मी तर म्हणेन घ्याच."

मला बरं वाटलं. मग मी किंमत विचारली. एका डोसचे अकरा हजारांच्या आसपास. दोनदा घ्यायची.

मी "बघतो" म्हणालो आणि बाहेर येऊन बाकावर बसलो. माझ्या पेन्शनीनं अकरा हजार म्हणजे किती महिने, हा हिशेब मी बोटांवर न करता डोक्यात केला, कारण बायको बोटांकडे बघत होती. सरकारी दवाखान्यात जाऊन विचारलं. तिथल्या सिस्टर चांगल्या होत्या; त्यांनी रजिस्टर न उघडताच सांगितलं की लहान मुलांच्या लशी मोफत असतात, ही त्यांत येत नाही. सरकारी योजनेच्या कार्डावर ऑपरेशनं होतात, ही सुई त्यात बसत नाही. मुलीला मागावं असं बायकोनं एकदा सुचवलं. लेकीच्या घरचे पैसे घ्यायचे नाहीत हे आम्ही दोघांनीही आपापल्या घरी पाहिलेलं. तिनंच सुचवलं आणि तिनंच पुढं बोलायचं थांबवलं.

मग मी ते पुढे ढकललं. पुढे ढकललं म्हणजे काय, तर रोज सकाळी दाढीच्या आरशात उजव्या भुवईकडे पाहायचं. डास चावला तरी तिथं बोट लावून बसायचं. नाकाचा शेंडा दिवसातून दहा वेळा चाचपायचा. वाचन हा माझा एकच शौक, तोही बिघडला. ओळ वाचताना मी ओळ वाचायचो नाही, डोळा वाचतोय का ते बघायचो. एक दिवस वर्तमानपत्राचं अक्षर धूसर दिसलं तेव्हा मी बीडला जायला पिशवी भरली. चष्म्याला तेल लागलं होतं.

हे सगळं बायकोनं अक्कांच्या कानावर घातलं. मला वाटलं त्या धीर देतील. त्यांनी भिंतीपलीकडूनच हाक मारली, "भाऊ, सुई घेतली का न्हाई?"

"घेऊ की. सवडीनं."

"सवड नागीण देती व्हय? पैशासाठी अडलं असंल तर तसं बोला. कोकणातला मानूस लई झाकून ठिवतो."

"पैशांचं नाही तसं."

"मग कशाचं हाय?"

मी वर्तमानपत्र उघडून तोंडापुढे धरलं.

आता भिशीचं सांगितलं पाहिजे. गल्लीतल्या बारा बायकांची भिशी आहे. महिन्याला हजार. प्रत्येक महिन्याला एकीच्या घरी जमतात, बारा चिठ्ठ्या डब्यात टाकून एक काढतात. जिचं नाव निघेल तिला ते बारा हजार. नाव निघालं की ती चिठ्ठी पुन्हा डब्यात जात नाही. अक्का त्यात आहेत, माझी बायकोही आहे. हिशेबाची वही एका ब्लाउज शिवणाऱ्या काकूंकडे असते आणि त्या वहीसारख्याच काटेकोर आहेत. अक्कांना भिशी लागली की त्या स्वतःचा गाडा घेणार होत्या. एवढी वर्षं त्या भाड्याचा गाडा लावतात. त्याचं भाडं रोजचं रोज द्यावं लागतं, गिऱ्हाईक होवो न होवो. सीताफळाचा हंगाम तोंडावर आला होता. बालाघाटाची सीताफळं उतरायला लागली की केजच्या स्टँडवर दिवसाला चार पाट्या जातात. या हंगामाला स्वतःचा गाडा, असं त्या उन्हाळ्यापासून म्हणत होत्या.

त्या महिन्यात भिशी आमच्या घरी होती. बायका पुढच्या खोलीत. मी आत, पडद्यापलीकडे, चहाचे कप पुसत. चिठ्ठी निघाली ती अक्कांची.

काकू म्हणाल्या, "अक्का, तुमचा नंबर लागला. घ्या, मोजून घ्या. झाला गाडा."

"मोजायचं काय त्यात. वहिनीला द्या." वहिनी म्हणजे माझी बायको.

"कावून?"

"तिला लागत्यात. तिची निगंल तवा माजी समजायची."

"तसं न्हाई चालत. चिठ्ठी निगाल्यावर अदलाबदल न्हाई. नियम कुणी केला? तुमीच. मागं दोघी भांडल्या तवा."

"म्याच केला. आता म्याच मोडते."

कुणीतरी म्हणालं, "नियम काय पेरू हाय का, मऊ पडला की कमी भावात द्यायला." बायका हसल्या. मी कप पुसायचा थांबलो.

काकू हसल्या नाहीत. "वहिनी, तुमाला कशाला लागत्यात?"

माझी बायको अक्कांकडे बघायला लागली. तिनं तोपर्यंत तरी हे पैसे मागितले नव्हते. तिलाही आत्ताच कळत होतं. अक्काच म्हणाल्या, "भाऊंना सुई टोचायचीय. नागीण पुन्ना उठू नये म्हणून असती ती. एक डोळा गेल्यातच जमा हाय. दुसरा न्हाई गेला पायजे."

मग गल्लीतल्या एका घरची सून बोलली. तिचं माहेर नांदूरघाटचं, म्हणून ती अक्कांशी मोकळी बोलते. "म्हंजी नागिणीला सुई? अन् मग तुमी कशाला हायत? माज्या सासऱ्याची तुमच्या तीन रेघात बसली की. अन् एकदा येऊन गेली की पुन्ना येत न्हाई, असं तुमीच सांगितलं हुतं."

पडद्याआड मी हातातला कप खाली ठेवला.

अक्का म्हणाल्या, "सांगितलं हुतं. सासूनं मला सांगितलं, म्या तुला सांगितलं. डाक्टर म्हन्तो येती. आता तुज्या सासऱ्याची माज्या गेरूनं बसली का आपली आपण बसली, ते मला कुठं ठावं हाय, बाई. दोन-तीन हप्त्यात बसतीच ती. म्या रेघ वढते, मानसाला धीर येतो, निवांत झोपतो. ते काय वाईट हाय का? पर भाऊंना म्या गेरू लावला न्हाई. कावून न्हाई लावला? भेले मी. मला म्हाईत होतं, हितं रेघ पुरत न्हाई. आता जिथं माजी रेघ पुरत न्हाई, तिथं सुई पुरती म्हन्त्यात. मग माज्या रेघंच्या बदली माजा नंबर घ्या. झालं."

"मग इतकी वर्षं नारळ कशाला घेतले?" सून म्हणाली. आवाज जरा उतरला होता, पण टोमणा होता.

"नारळ मारुतीला जातो. अन् खोबरं कोण खातं? सगळ्यात मोटा तुकडा तुजाच असतो."

त्यावर सगळ्या हसल्या, ती सूनही हसली. काकूंनी वही उघडली. "बरं, लिहिते. पण आधीच सांगते, वहिनीची शेवटी निघाली तर तुमचा गाडा पुढच्या सालाला."

"भाड्याचा हाय की तवर."

माझ्या बायकोनं त्या दिवशी चहात दोनदा साखर टाकली. सगळ्यांनी गुपचूप प्यायला. बायका गेल्यावर ती माझ्यापुढे पैसे ठेवून म्हणाली, "आता तुम्ही नाही म्हणू नका. नाही म्हणालात तर मी त्यांना तोंड कसं दाखवू?" मी नाही म्हणणार नव्हतो. मला फक्त पडद्याबाहेर कसं यावं ते कळत नव्हतं.

त्याच आठवड्यात बीडच्या मेडिकलवाल्याकडे पैसे भरून लस मागवली. आल्यावर त्याचा फोन आला, आम्ही एसटीनं गेलो, डॉक्टरांनी त्याच दिवशी दंडात टोचली. मला वाटत होतं एवढ्या महागाच्या सुईला काहीतरी मोठं दिसेल. बाटली अंगठ्याच्या पेराएवढी. दुसऱ्या दिवशी दंड ठणकला, ताप आला, अंग मोडून निघालं. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलेलं, तरी मी दुपारपर्यंत दोनदा आरसा मागितला. अक्का चार मोसंबी घेऊन आल्या. "सुई घेऊन मानूस आडवा, न्हाई घेतली तर उबा. कोकणातली रीत काय वायलीच हाय." ताप दुसऱ्या दिवशी उतरला.

अक्कांचा गाडा राहिला हे मला दिसत होतंच. सीताफळाच्या दिवसांत भाड्याच्या गाड्याचं एक चाक सारखं निखळायचं, त्या खाली वाकून दगड लावायच्या. पण त्याहून मोठी गोष्ट मला पुढच्या रविवारी कळली. त्यांच्या ओट्यावर कुणी नव्हतं. दर रविवारी तीन-चार माणसं तरी असतात. त्यांनी सहाण मांडली होती, तांब्या भरून ठेवला होता. दुपारी उचलून आत ठेवला. मंगळवारी एक जण आला, तोही रस्ता चुकल्यासारखा. बारा बायकांपुढे म्हटलेली गोष्ट बाराशे घरांत गेली होती. अक्कांचा हात गेला, असं लोक म्हणायला लागले. कुणी म्हणे, अक्काच म्हणतात गेरूत काही नाही.

मी त्यांना म्हणालो, "अक्का, हे माझ्यामुळं झालं."

"तुमच्यामुळं कशाला? माज्या तोंडामुळं. बरं झालं, रविवारचा गाडा लवकर लागतो." असं म्हणाल्या, पण सहाण पुसून कपाटात ठेवताना मी त्यांना पाहिलं आहे. सासूबाईंकडून त्यांना आलेलं ते एवढंच होतं. पैशाचा नंबर दिला तो परत येणार होता. हे दिलं ते परत येईल की नाही, त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि तरी बोलल्या.

त्यावर मला जे करता येतं ते मी केलं. तहसीलजवळच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात बसून नवं पत्रक तयार केलं आणि पन्नास प्रती काढल्या. 'नागीण तोंडावर, डोळ्याजवळ किंवा नाकावर असेल तर आधी डॉक्टर, त्याच दिवशी. इतर जागी असली तरी तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवा. गेरू नंतर.' अक्कांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "'नंतर'च्या पुढं 'लावून मिळंल' घाला. न्हाईतर लोकांना वाटंल बंद केलं." घातलं. हळूहळू माणसं पुन्हा यायला लागली. आता अक्का आधी तोंड उन्हाकडे फिरवतात, विचारतात, बघतात, आणि ज्याला पाठवायचं त्याला पाठवतात. सरकारी दवाखान्यातल्या त्या सिस्टरनीही दोन पत्रकं भिंतीला लावायला मागून घेतली.

दुसऱ्या डोससाठी मी कुणाकडे हात पसरायचा नाही असं ठरवलं होतं. त्या कॉम्प्युटरवाल्याला मी म्हणालो, तुझ्या लग्नपत्रिकांची प्रुफं मला दे. तो आधी माझ्या डोळ्याकडे बघत होता. पहिल्याच दिवशी एका पत्रिकेत नवरदेवाच्या मावशीला मी 'कै.' लागलेलं पकडलं. मावशी पत्रिका न्यायला स्वतः दुकानात उभ्या होत्या. त्यानंतर त्यानं डोळ्याचा विषय काढला नाही. लग्नसराईत पत्रिकेमागं थोडे थोडे करत पैसे जमले, उरलेले पेन्शनीतून घातले आणि संक्रांतीनंतर दुसरी सुई घेतली. या वेळी एकटाच गेलो. मेडिकलवाल्यासमोर माझ्याच कमाईच्या नोटा ठेवताना, खोटं कशाला सांगू, छाती थोडी पुढे आली. घरी येताना एसटीच्या खिडकीशी बसून दुकानांच्या पाट्या वाचत आलो. सगळ्या वाचता आल्या. एकीत ऱ्हस्वदीर्घ चुकलं होतं.

होळीच्या सुमाराला भिशीची चिठ्ठी माझ्या बायकोची निघाली. ठरल्याप्रमाणे पैसे अक्कांना गेले, आणि आता त्यांचा स्वतःचा गाडा आहे, हिरव्या रंगाचा. "फिटलं बरं का वहिनी," असं त्यांनी काकूंच्या वहीवर अंगठा उठवताना सांगितलं. काकूंच्या वहीत फिटलं असेल. माझ्याकडे फिटलेलं नाही.

अक्का माझ्याहून चार वर्षांनी लहान आहेत आणि त्यांना साखरेचा त्रास आहे. मी बीडच्या डॉक्टरांना विचारून आलोय. ते म्हणाले, साखर असलेल्यांनी तर ही लस घ्यावीच. अक्कांना सांगितलं तर म्हणाल्या, "मला? मला बघून नागीणच पळंल." मी हसलो नाही. मग त्याही हसल्या नाहीत. पेरूवरचं फडकं झटकत म्हणाल्या, "एवड्या पैशात अजून एक गाडा यील, भाऊ."

येईल. पण गाडा त्यांचा त्या घेतील. सुई मी देणार आहे, पहिलीही आणि दुसरीही. तहसीलजवळच्या दुकानातून लग्नपत्रिकांची प्रुफं अजून येतात आणि उजवा डोळा अजून काम करतो. पेन्शनीतून जे टाकता येतं ते मी वेगळं टाकतो आहे. या वर्षी जमेल की पुढच्या, ते आज सांगता येत नाही. पण एक दिवस त्यांच्या हिरव्या गाड्यावर गोणपाट टाकून, दोरी मी स्वतः आवळीन, त्यांना जीपमध्ये बसवून बीडला नेईन, आणि मेडिकलवाल्यापुढे पैसे मीच ठेवीन. हे मी त्यांना तोंडानं सांगितलं तर त्या उडवून लावतील, म्हणून इथं लिहून ठेवतो.